पाळण्याची पावलं

अर्धा तास तुम्ही पळवलात. आधी तेवढं मान्य करा, मग माझ्या खोटेपणाचं बोलू.

पोराला पाजायचा अर्धा तास होता तो. दुपारी एक ते दीड. धुलाईखान्यातली बाई बाळंतपणाहून कामावर आली की वर्षभर तिला तो मिळायचा आणि त्यासाठी कुणापुढे काही सिद्ध करावं लागत नव्हतं. तुम्ही त्याचं नाव बदलून 'निरोगी आई' केलंत, कमरेला अडकवायची, पावलं मोजणारी एक डबी दिलीत आणि हुकूम काढलात. डबीत रोज सहा हजार पावलं भरली तर अर्धा तास, सलग दोन आठवडे कमी भरली तर बंद. नाव आईच्या तब्येतीचं आणि हात घातलात पोराच्या दुधात.

तुमचा कागद मला मिळाला. 'खोट्या नोंदी का केल्या याचा खुलासा तीन दिवसांत करावा.' खुलाशाला तुम्ही चार ओळींची जागा सोडली आहे. मी काय केलं ते चार ओळींत मावणारं नाही, म्हणून हे जादा कागद जोडते आहे. अक्षर वाईट आहे. वाचा तरीही.

इस्पितळाच्या मागच्या अंगाला आमचा धुलाईखाना आहे. तुम्ही तिथे कधी आला नाहीत म्हणून सांगते. त्याला दोन बाजू आहेत. ओल्या बाजूला यंत्रं आणि एक लांब हौद. वॉर्डांतल्या चादरी धुऊन हौदात पडतात, तिथून उचलून पिळायच्या यंत्रात टाकायच्या. ओली चादर एकटी कधी येत नाही. त्या एकमेकींच्या गळ्यात पडून बसलेल्या असतात, एक ओढली की सहा येतात आणि सहांचं पाणी येतं. कोरड्या बाजूला चादरींना इस्त्री करणारा गरम रूळ, घड्यांचं टेबल आणि कोपऱ्यात शिवणाचं टेबल, फाटलेल्या चादरींसाठी. शिवणाचं टेबल सोडलं तर सगळी कामं उभ्यानं. आमची बाई नऊ तास पायांवर असते आणि डबीत अठराशे पावलं भरतात. उभं राहणं तुमची डबी मोजत नाही. उचलणं मोजत नाही. तशी डबी कुणी बनवली आणि कुणासाठी, हे तुम्हालाच ठाऊक.

मला लिहिता येतं म्हणून तुम्ही मला 'आरोग्यमैत्रीण' नेमलंत. तेवीस वर्षं रुळावर उभी असलेली मी, सगळ्यांची काकू, एकदम मैत्रीण झाले. काम एवढंच. अकरा बाळंतिणींच्या डब्यांवरचे आकडे संध्याकाळी त्यांच्या कार्डांवर उतरवायचे, महिन्याच्या शेवटी कामगारांच्या डॉक्टरांना दाखवायचे. शिवाय सगळ्यांना वाचून दाखवायला एक पुस्तिका दिलीत. पहिल्याच पानावर एक बाई बाबागाडी ढकलत पळत होती. पोट सपाट, केस कोरडे, आणि हसत होती.

धुलाईखान्याला लागूनच्या पाळणाघरातली मावशी चष्मा वर करून म्हणाली, "पोर दुसरीचं असणार."

दहा दिवसांत अकरापैकी सात जणींचा अर्धा तास धोक्यात आला. दुपारी एक वाजता बायका पोराला छातीशी लावून पाळणाघरात येरझाऱ्या घालू लागल्या. एकीनं पाजता पाजता चालताना दाराच्या चौकटीवर डोकं आपटून घेतलं. मावशी म्हणाली, "बस गं बाई, दूध ताक होईल."

त्यातच एके दिवशी घाईबाई आपली डबी पाळण्याच्या पट्ट्याला अडकवून विसरून गेली. घाईबाई म्हणजे ओल्या बाजूची सगळ्यांत धाकटी. बोलायची पळत, खायची पळत; आम्ही डब्याचं झाकण उघडेपर्यंत हिचा डबा घासून पालथा. म्हणून ते नाव. तिचं पहिलंच पोर, चार महिन्यांची मुलगी. संध्याकाळी ती धापा टाकत डबी घेऊन आली आणि मी आकडा बघितला. नऊ हजार तीनशे.

मावशीनं डोक्याला हात लावला. "अगं, तुझी लेक चालायला लागली! चार महिन्यांत! कळवा सगळ्यांना!"

सगळ्या खिदळल्या. मी हसले नाही. मी त्या पाळण्याकडे बघत उभी राहिले. मग तो हातानं जरासा हलवला आणि डबीवरचा आकडा दोननं पुढे गेला.

ही हुशारी माझी. दुसऱ्या कुणाची नाही. घाईबाई विसरली होती, शोध मी लावला. दुसऱ्या दिवशीपासून अकरा डब्या अकरा पाळण्यांना. पाळण्यांना एकच दोरी ओवलेली होती आणि दोरीचं टोक मावशीच्या पायाच्या अंगठ्यात. पहिल्या दिवशी प्रत्येकीची चौदा हजार झाली. मला जाऊन सांगावं लागलं, "मावशी, हळू. एवढं कुणी चालत नाही."

"अकरा बायांचं चालणं मी एका अंगठ्यावर चालवते," मावशी म्हणाली, "आणि वर तूच मला चाल शिकव."

मी मनाशी बरोबर हिशोब बसवला होता. अर्धा तास वाचला, पोरं पोटभर प्यायली, बायका भिंतीला टेकून बसल्या, तुम्हाला आकडा मिळाला. कुणाचं काय गेलं? असं मी महिनाभर म्हणत होते. आणि त्या महिन्याच्या शेवटी तुम्ही आमच्या गटाला 'सर्वांत सक्रिय गट' ठरवलंत, माझा फोटो व्हरांड्यात लावलात आणि मला शिवणाच्या टेबलावर बदली दिलीत. तेवीस वर्षांत पहिल्यांदा मी कामावर खुर्चीत बसले. फोटोखालून जाताना मी मान खाली घालायची, पण बसायचं सुख मी सोडलं नाही. बसणं मला किती हवं होतं, ते आता लिहायचं आहे आणि हात चालत नाही.

बदलीनंतर आठवड्यानं घाईबाई माझ्या टेबलापाशी आली. आली म्हणजे हळू आली. गेले काही दिवस ती हळूच होती, आणि आम्ही सगळ्या तिची थट्टा करत होतो की पोरीनं आईचं इंजिन काढून घेतलं. ती धुतलेल्या चादरींच्या मांडणीमागे जाऊन उभी राहिली आणि मला खूण केली.

"काकू, एक विचारू? हसायचं नाही."

"विचार."

"खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटतं."

"खाली म्हणजे?"

"काकू!" ती लाल झाली. "सकाळी बरं असतं. दुपारनंतर जड होतं. ओढल्यासारखं. चादरी उचलल्या की जास्तच. आणि शिंक आली, खोकला आला की..." तिनं पुढे सांगितलं नाही. कपड्यांकडे नुसतं बोट केलं.

"नवऱ्याला सांगितलंस?"

"सांगितलं, पोटात वात धरलाय. दुसरं काय सांगू?"

"होतं असं," मी म्हणाले. "बाळंतपणानंतर सगळ्यांना होतं."

"तुम्हाला झालं होतं?"

"मला? छे."

आणि असं म्हणत म्हणत मी काय केलं असेल? टेबलाखालच्या गाठोड्यातून फाटक्या चादरीची पट्टी काढली, चार पदरी घडी घातली, कडा आत वळवल्या आणि तिच्या हातात दिली. "ही लाव. दुपारी बदल. कुणाला कळत नाही." घडी इतकी सराईत पडली की तिला कळायला हवं होतं. कळलं असेलच. तिनं माझ्याकडे बघितलं, घडी मुठीत घेतली आणि गेली.

बावीस वर्षं, साहेब. धाकटीच्या जन्मापासून. अशी घडी मी रोज तीनदा बदलते. या इस्पितळातला प्रत्येक संडास कुठल्या वळणावर आहे ते मला पाठ आहे. धुलाईखान्यात म्हणतात काकू कडक, काकू कधी हसत नाही. मी हसू शकत नाही. खदाखदा हसले तर उभ्या जागी ओली होईन, म्हणून मी ओठ दाबून धरते आणि लोक मला शिस्तीची समजतात. नवऱ्यालाही हे ठाऊक नाही, त्याला वाटतं मला सारखं कपडे धुवायचं खूळ आहे. सव्वीस वर्षांची पोर माझ्यासमोर येऊन जे एका दमात बोलली, ते मला अर्ध्या आयुष्यात जमलं नव्हतं. तिला निदान 'मलाही' एवढं म्हणायचं होतं. मी पट्टी दिली. माझं गुपित तिच्या हाती सोपवलं आणि त्याला उपाय म्हटलं. तुम्ही मला आरोग्यमैत्रीण नेमलं होतं. बघा कोणाला नेमलं होतं.

महिन्याअखेर डॉक्टर आले. तुम्हाला ती खोली माहीत नसेल. एक टेबल, दोन खुर्च्या, पडदा नाही, दार उघडं. दारात मुकादम रांग लावायला उभा. मी कार्डं घेऊन डॉक्टरांच्या बाजूला. वॉर्डातल्या बाई डॉक्टरकडे जायचं तर याच डॉक्टरांची चिठ्ठी लागते, हा नियमही तुमचाच. ज्या बायकांच्या वॉर्डाच्या चादरी आम्ही रोज धुतो, त्या वॉर्डात जायला आम्हाला चिठ्ठी लागते.

घाईबाईचं कार्ड डॉक्टरांनी उचललं आणि त्यांचा चेहरा उजळला. "सरासरी सात हजार दोनशे! वा. सगळ्या अशा असत्या तर मला घरी बसता आलं असतं."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग दाराकडे. मग खालच्या आवाजात म्हणाली, "डॉक्टर, मला जरा खाली जड..."

"मोठ्यानं बोला."

"जड वाटतं. खाली."

"वजन किती वाढलंय? अकरा किलो. जड वाटणारच!" दारात मुकादम फिसकन हसला. डॉक्टर काही वाईट माणूस नव्हते. ते पुन्हा कार्डाकडे वळले, बोट आकड्यावर ठेवलं. "हे बघा, अंगात ताकद नसती तर रोज सात हजार पावलं झाली असती का? चालणं तुम्हाला पुरत नाहीये. दोरीवरच्या उड्या सुरू करा. रोज शंभर. पोट आवळलं जाईल, सगळं जागेवर येईल." आणि माझ्याकडे बघून, "तुम्ही मोजा. मैत्रीण ना?"

माझ्या हातात पेन होतं. मला एकच वाक्य बोलायचं होतं. 'डॉक्टर, हा आकडा पाळण्याचा आहे, ही बाई दिवसात दोन हजार पावलंही चालत नाही, हिला तपासा.' वाक्य जिभेवर तयार होतं. बोलले असते तर अकरा जणींचा अर्धा तास गेला असता. त्यांच्यासाठी मी गप्प बसले, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिले. खरं वेगळं आहे. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे आधी खुर्ची आली. अकरा जणी मागाहून आल्या.

मी कार्डावर लिहिलं, 'दोरी, रोज शंभर.'

बॉयलरच्या भिंतीमागे मोकळी जागा आहे. तिथे तिनं नऊ दिवस उड्या मारल्या. दोरी म्हणजे कपडे वाळत घालायची. डॉक्टरांनी सांगितलं, काकूंनी लिहून घेतलं, म्हणजे बरंच असणार, असा तिचा विश्वास. आणि मी समोर उभी राहून मोजत होते. एक, दोन, तीन. तिसाच्या पुढे ती ओठ चावायची. चाळिसाला पाय लांब ठेवून उभी राहायची.

"काकू, आज एवढ्यावर थांबू?"

"डॉक्टरांनी शंभर सांगितलेत गं."

हे मी म्हणाले. मला माहीत होतं तिला काय होतंय. तिच्या जागी मी एक उडीसुद्धा मारली नसती, तुम्ही फाशी देतो म्हणालात तरी. आणि मी म्हणाले, "डॉक्टरांनी शंभर सांगितलेत." हे वाक्य मी रोज आठवते. भांडी घासताना आठवते, दात घासताना आठवते. तुमच्या कागदात या वाक्याबद्दल काही विचारलेलं नाही. तुम्हाला आकड्यांचं खोटं सापडलं, हे सापडलं नाही. म्हणून मीच लिहून देते.

दहाव्या दिवशी सकाळी ती हौदापाशी चादरी उपसत होती. मी कोरड्या बाजूला सुईत दोरा ओवत होते. मोठा आवाज झाला म्हणून वळले तर ती हौदाच्या कडेला ओल्या फरशीवर बसलेली, सहा चादरींचा पीळ मांडीवर, आणि अंगावर पाणीच पाणी.

"काय घाईबाई," मुकादम ओरडला, "पोहायला उतरलात वाटतं? मुहूर्त चांगला काढलात!"

बायका हसल्या. पडली की हसायचं, अशी आमच्याकडे सवयच आहे, हसून उचलायचं. पण ती उठेना. मी जवळ गेले. तिनं माझा हात धरला आणि अगदी हळू बोलली, तरी यंत्र नेमकं तेव्हाच थांबलं होतं म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.

"काकू, बाहेर आलंय."

हसणं जागच्या जागी मेलं. ज्या ज्या बाईला पोर होतं तिला कळलं काय बाहेर आलंय. मुकादम तेवढा म्हणाला, "काय आलंय? कुठे?" आणि एकीनं त्याला तोंड फिरवायला सांगितलं.

डॉक्टर यायला अजून अठरा दिवस होते. डॉक्टर नाही तर चिठ्ठी नाही. मी मुकादमाला विचारलंही नाही. बायकांच्या वॉर्डाची ट्रॉली भरायला लावलेली होती. मी वरच्या घड्या खाली उतरवल्या, दोघींनी तिला उचलून आडवं ठेवलं, वर दोन कोरड्या चादरी पसरल्या आणि मी ट्रॉली ढकलली.

"ट्रॉली अकराला जाते," मुकादम मागून म्हणाला.

"वॉर्डातून लवकर मागितलीय."

एवढं एक खोटं मी लाज न वाटता बोलले. बाकीच्या खोट्यांच्या यादीत तेही घाला.

उतरण, मग व्हरांडा, मग माझ्याच फोटोखालून. चादरीखालून ती म्हणाली, "काकू, पोरीला पाजायची वेळ होईल." मी म्हणाले, "मावशी बघेल." वॉर्डाच्या दारात सिस्टर कागदातून मान वर न काढता म्हणाली, "तिथे कपाटापाशी ठेवा."

"सिस्टर, चादरी नाहीत." आणि मी वरची चादर उचलली.

सिस्टर दोन मिनिटं भरपूर ओरडली. पण ओरडता ओरडताच तिनं पलंग रिकामा केला आणि भोवती पडदा ओढला. पडदा बघून घाईबाईला रडू फुटलं. तोवर रडली नव्हती.

बाई डॉक्टर आली. तरुण होती, बाह्या दुमडलेल्या. तिनं तपासलं. मग हात धुऊन तिनं विचारलं, कधीपासून होतंय, काम काय, व्यायाम काय. मी कार्ड पुढे केलं. सवयीनं केलं. तिनं वाचलं आणि तिचा पारा चढला. पण चढला तो घाईबाईवर.

"रोज सात हजार पावलं? वर दोरीच्या उड्या? आणि दिवसभर ओझी उचलायची? गर्भाशय खाली आलंय, मूत्राशय खाली आलंय, इस्पितळात काम करणारी माणसं तुम्ही, शरीर सांगत होतं ना तुम्हाला? का नाही थांबलात?"

घाईबाई छताकडे बघत पडून राहिली. खालचा ओठ दातांत धरला होता, उड्या मारताना धरायची तसाच. मी तिच्या उशाशी उभी होते आणि ती माझं नाव घेत नव्हती. मला वाचवत होती. तेवढं मात्र मला सोसलं नाही.

"ती चालली नाही," मी म्हणाले. "पाळणा चालला."

डॉक्टरला कळेना. मग मी सगळं सांगितलं. डबी, दोरी, मावशीचा अंगठा, कार्डं, उड्या, कोण मोजत होतं ते. ती ऐकत गेली आणि तिच्या चेहऱ्यावरचा राग निघून गेला. त्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. ती मला ओ देईनाशी झाली. जे बोलायचं ते घाईबाईशी बोलली. खुर्ची ओढून, हात हातात घेऊन. आत एक आधाराची कडी बसवू. आठवड्यातून दोनदा इथे या, खालचे स्नायू आवळायचे कसे ते एक बाई शिकवेल, ते झोपून करायचे, बसून करायचे, घाम न गाळता. तीन महिने ओझं नाही, उडी नाही. बरं होतं हे, बहुतेक जणींचं होतं, वेळेवर आलं तर शस्त्रक्रियाही लागत नाही. घाईबाईनं दोनदा विचारलं, "खरंच होतं?"

तिचं बोलणं मी कान देऊन ऐकत होते. झोपून, बसून, घाम न गाळता. बावीस वर्षं ही बाई, नाहीतर हिच्यासारखी दुसरी कुणीतरी, आमच्या दोरीवरच्या चादरींच्या पलीकडे बसलेली होती.

निघताना डॉक्टरनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "आणि तुम्हाला? काही त्रास?"

पडदा ओढलेला होता. मुकादम नव्हता. विचारणारी बाई होती.

"नाही," मी म्हणाले.

का म्हणाले, हे मला विचारू नका. मला स्वतःला सांगता येत नाही. कार्डावरच्या खोट्याचा खुलासा मी करू शकते, याचा नाही.

पुढचं तुमच्याकडे लिहून आलं आहे. बाई डॉक्टरनं अहवालात कार्डांबद्दल लिहिलं, ते तिनं लिहायलाच हवं होतं. तुम्ही अहवाल वाचलात आणि त्यातली एकच ओळ तुमच्या डोळ्यांत भरली. अकरा डब्या जमा करा. अकरा जणींचा अर्धा तास बंद. आरोग्यमैत्रिणीचं पद रद्द. अहवालात तिनं हेही लिहिलं होतं की कामगार बायकांची तपासणी पडद्याआड व्हावी, बाई डॉक्टरकडे जायला चिठ्ठी लागू नये, बाळंतिणीला सहा महिने ओली बाजू देऊ नये. त्या ओळींना तुम्ही उत्तर दिलं नाहीत. मी सिस्टरकडून विचारून घेतलं आहे.

मी पुन्हा रुळावर उभी आहे. ते मला मान्य आहे. बायका माझ्याशी बोलत नाहीत, तेही. घड्यांच्या टेबलावरची जुळ्यांची आई काल एवढंच म्हणाली, "खरं बोलायचं होतं तर आमच्या पोरांचं दूध सुटल्यावर बोलायचंत, काकू. तुमच्या पोरी कधीच मोठ्या झाल्या." ती चूक नाही. मी तिच्या पोरांचा अर्धा तास आधी चोरीनं वाचवला आणि मग एका वाक्यात घालवला, आणि दोन्ही वेळा तिला विचारलं नाही. दुपारी एक वाजला की पाळणाघरातून आवाज येतो, आणि ओल्या बाजूच्या बायका मान वर करत नाहीत. त्यांच्या छातीवरचे डाग मी रुळावरून बघते.

मावशीनं चौकशीला आलेल्या तुमच्या माणसाला सांगितलं, "पाय माझा होता, मलाही लिहा." त्यानं लिहिलं नाही. पायासाठी त्याच्या कागदात रकाना नव्हता.

तर माझा खुलासा असा. होय, खोट्या नोंदी मी केल्या, एकूण चोपन्न दिवस, अकरा कार्डांवर. अकरा बायकांनी माझं ऐकलं, त्यांना शिक्षा करू नका. मला जी करायची ती करा. आजारी बाईला मी उड्या मारायला लावल्या, त्याचीही शिक्षा तुमच्या नियमांत असेल तर शोधा. नसेल तर मला ती मिळालेली आहे.

आता तुमचा खुलासा. घाईबाईची रजा रविवारी संपते. 'तीन महिने वजन उचलू नये' असा बाई डॉक्टरचा कागद पाच दिवसांपासून तुमच्या टेबलावर आहे. मुकादम म्हणतो, हलकं काम द्यायला वरची सही लागते, सही नाही तर ओली बाजू, ओली बाजू नको तर घरी. काल तिनं मला फोन केला. माझ्याशी बोलणारी ती एकटीच राहिली आहे, हेही लिहून ठेवा. म्हणाली, "काकू, आता शिंकले तरी काही होत नाही. सोमवारी येते. पण कुठे उभी राहू?"

उत्तर माझ्याकडे नाही, तुमच्याकडे आहे. सोमवारी सकाळी सात वाजता ती दारात उभी असेल, पोरीला कडेवर घेऊन. तिला हौदापाशी पाठवायचं की नाही? शिफारस नको, विचाराधीन नको, योजनेचं नवं नाव नको. एक शब्द लिहा आणि त्याखाली स्वतःची सही करा.

हो, की नाही?